कुडातली कारवी, गिलाव्यातली जाळी : महाड-पोलादपूरच्या भिंतींचा इतिहास

आजच्या धाग्याचा विषय ऐकून काहींचा हिरमोड होईल. लढाई नाही, तह नाही, राज्याभिषेकही नाही. विषय आहे भिंत. आणि त्यातही भिंतीच्या पोटात दडलेली जाळी. तरीही सुरुवात आपण रायगडावरूनच करू.

रायगडावर जगदीश्वराच्या मंदिरापाशी हिरोजींचा शिलालेख आहे. गडावर विहिरी, तळी, बागा, रस्ते, गजशाळा, राजवाडे उभारले, आणि आकाशात चंद्रसूर्य आहेत तोवर हे सारे टिको, अशा आशयाची ती संस्कृत प्रशस्ती. ती वाचून आपण मागे वळतो आणि बाजारपेठेकडे चालू लागतो. दिसतात ती जोती. घडीव काळ्या दगडांची, एकाला एक लागून, कंबरेइतकी, कोठे छातीइतकी. जोत्यावर भिंत नाही, भिंतीवर छप्पर नाही. चंद्रसूर्य आहेत, भिंती गेल्या.

मे १८१८ मध्ये इंग्रजांनी खालून तोफगोळे डागले, गडावर आग भडकली आणि लाकूडकाम भस्मसात झाले, हे आपण शाळेत वाचतो. ते खरेच आहे. परंतु नुसत्या आगीने गडावरची सगळी घरे नाहीशी होत नाहीत. आगीनंतर दोनशे पावसाळे झाले. ज्या भिंतीवरचे छप्पर गेले आणि जिच्या पोटातला लाकडी सांगाडा गेला, ती मातीची भिंत चार-पाच मृगांत पुन्हा मातीच होते. दगडाचा इतिहास डोळ्यांना दिसतो म्हणून आपण तोच सांगत बसतो. मातीच्या भिंतीचा इतिहास शोधायचा, तर ती कशाने उभी होती हे आधी विचारावे लागते.

गडाच्या पायथ्याशी उतरून महाड आणि पोलादपूरचा मुलूख पाहा. एका बाजूला सह्याद्रीची भिंत, महाबळेश्वराहून निघून पोलादपुरावरून महाडकडे येणारी सावित्री, तिला महाडाजवळ मिळणाऱ्या काळ आणि गांधारी. चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि घाटाकडे त्याहून पुष्कळ अधिक. उन्हाळा मात्र समुद्रकाठासारखा सौम्य नाही. डोंगरांच्या वाटीत वारा अडतो आणि मार्चपासूनच अंगाची लाही होते. याच जिल्ह्यातल्या भिऱ्यात मार्च २०१७ मध्ये ४६.५ अंश सेल्सिअस तापमान नोंदवले गेले होते, हे अनेकांना आठवत असेल. म्हणजे येथल्या भिंतीला दोन परस्परविरोधी कामे करायची असतात. जून ते सप्टेंबर पाणी बाहेर ठेवायचे आणि मार्च ते मे ऊन बाहेर ठेवायचे.

या मुलखाने त्यावर काढलेले उत्तर म्हणजे कूड.

कुडाची भिंत कशी होते, ते जरा सावकाश पाहू. पुढचे सगळे त्यावरच उभे आहे. आधी जमिनीत मेढी रोवायच्या. मेढींना आडव्या बांबूच्या कांबी बांधायच्या. त्या कांबींवर उभ्या कारवीच्या काठ्या, एकीला एक चिकटून, वेलीने किंवा वाखाच्या दोरीने आवळायच्या. ही झाली जाळी. मग खड्ड्यात माती भिजत घालायची, तिच्यात भाताचा पेंढा बारीक करून, तूस आणि शेण घालायचे आणि तो चिखल पायांनी तुडवत राहायचे. चिखल पायाला चिकटेनासा झाला की दोन माणसांनी भिंतीच्या दोन बाजूंना उभे राहून एकाच वेळी तो जाळीवर दाबायचा. एकाचा चिखल फटीतून दुसऱ्याच्या चिखलाला जाऊन भिडतो, आणि वाळल्यावर दोन्ही थर कारवीला गच्च धरून बसतात. त्यावर शेणाचे सारवण.

कारवी ही सह्याद्रीच्या उतारांवर माजणारी झुडपी वनस्पती. सात-आठ वर्षांतून एकदा सारे रान एकदम जांभळे होते, बी धरते, आणि मग झाडे वाळून जातात. फुलोऱ्याची छायाचित्रे आपण आवडीने पुढे पाठवतो. डोंगरातल्या माणसाच्या लेखी मात्र कारवी म्हणजे आधी भिंत. ती सरळ वाढते, हलकी असते, अंगठ्याएवढी जाड होते आणि विकत आणावी लागत नाही. कातकरी वाड्यांवर, धनगरवाड्यांवर, कुणब्यांच्या गोठ्यांना आणि पडव्यांना तिचे कूड असत. कोठे कोठे आजही आहेत.

आता मुख्य प्रश्न. नुसती माती का चालत नाही? उत्तर भाताच्या खाचरात आहे. मे महिन्यात खाचर पाहा: हाताचा पंजा जाईल एवढाल्या भेगा. तीच माती खळ्यात शेण आणि भुसकट घालून सारवली की भेगाळत नाही. चिखल वाळताना आकसतो. आकसताना तो स्वतःलाच ओढतो आणि माती ताण सोसण्यात अत्यंत दुबळी असल्याने कोठे तरी फाटते. भिंतीवर तीच फट म्हणजे पावसाला दिलेले आमंत्रण.

पेंढ्याची काडी आणि कारवीची काठी ही फट पूर्णपणे थांबवत नाहीत, हे लक्षात घेतले पाहिजे. त्या ताण वाटून घेतात. एक बोटभर रुंद तडा जाण्याऐवजी केसासारख्या शंभर रेषा पडतात, आणि केसासारख्या रेषेतून पाणी सहजासहजी आत शिरत नाही. वर्षातून दोनदा सारवण केले की त्याही बुजतात. भिंतीच्या गिलाव्यात जाळी का घालावी, या प्रश्नाचे संपूर्ण शास्त्र एवढेच आहे. बर्लिनमधल्या इमारतीवरची काचतंतूंची जाळी आणि पोलादपुरातल्या कुडातली कारवी एकच काम करतात. बर्लिनकडे आपण येऊच.

ही युक्ती फार जुनी. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगावला १९६८ पासून पुढे अनेक वर्षे उत्खनन झाले. तेथल्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत, म्हणजे इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळात, घरे कुडाचीच होती. जमिनीत खांबांची भोके उरतात, त्यांवरून पुरातत्त्वज्ञ घर पुन्हा कागदावर उभे करतात. एखादे घर जळाले असेल तर भिंतीची माती भाजून निघते, आणि त्या भाजलेल्या ढेकळांवर आतल्या काड्यांचे ठसे राहतात. विचित्र गोष्ट आहे, पण कुडाचा पुरावा बहुधा त्याच्या नाशातूनच मिळतो.

सगळेच कुडावर खूश होते असे नाही. रोमन स्थापत्यकार विट्रुव्हियस याने इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात लिहिले की कुडाची भिंत मुळात कोणी शोधून काढलीच नसती तर बरे झाले असते. आग लागली की ती मशालीसारखी पेटते, हा त्याचा पहिला आक्षेप. दुसरा अधिक बारीक आहे: आतल्या उभ्या-आडव्या काठ्या ओल शोषून फुगतात, वाळल्यावर आकसतात आणि त्यामुळे वरच्या गिलाव्याला तडे जातात. आक्षेप शंभर टक्के बरोबर. तरीही इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियममध्ये कुडाच्या भिंतींचे दुमजली घर सापडलेच. तज्ज्ञ नावे ठेवतात आणि लोक बांधत राहतात. हे रोममध्ये झाले, कोकणातही झाले.

आगीचा मुद्दा शिवछत्रपतींच्या डोळ्यांपुढेही होता. चिपळूणजवळ छावणीला असलेल्या लष्करातल्या अधिकाऱ्यांना १६७० च्या दशकात लिहिलेले त्यांचे पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या भाजीच्या देठासही हात लावू नये, यासाठी आपण ते नेहमी उद्धृत करतो. त्याच पत्रात आणखी एक चिंता आहे. कोणी निष्काळजीपणाने चूल पेटवील, कोणी तंबाखू ओढील, कोणी दिवा जळता ठेवील आणि उंदीर पेटती वात पळवील. एक ठिणगी पडली की गवत आणि घरे सारी जळून जातील. वात नेणाऱ्या उंदरापर्यंत ज्याची नजर पोहोचते, त्या राजाला आपल्या सैनिकांचे छप्पर आणि भिंत कशाची आहे, हे पक्के ठाऊक होते. पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरच्या राजमंदिराविषयी सूचना येतात. त्यातही भिंतींच्या फटी नीट भरून काढाव्यात, उंदीर, विंचू, किडामुंगी यांना थारा राहू नये, असा आग्रह आहे. फट हा विषय कारभाऱ्यांच्या दृष्टीनेही किरकोळ नव्हता.

थोडे अवांतर. आपल्या भाषेत कूड मुरलेला आहे. भिंतीला कान असतात असे आपण म्हणतो, पण जुनी म्हण ‘कुडास कान, ठेवी ध्यान’ अशी आहे आणि ती अधिक नेमकी आहे. दगडी भिंतीला कान कोठून येणार? पलीकडचे बोलणे ऐकू येते ते कुडातूनच. मुक्ताबाईंच्या ताटीच्या अभंगांतली ताटीसुद्धा याच कुळातली, काड्यांची विणलेली.

ताटीवरूनच पुढे जाऊ. पावसाच्या तोंडावर, वारा ज्या बाजूने झोडपतो त्या भिंतीला बाहेरून गवताच्या किंवा पेंढ्याच्या ताट्या बांधायच्या, ही कोकणातली आणि मावळातली रीत. ताटी भिंतीला अगदी चिकटत नाही. मध्ये थोडी मोकळी जागा राहते. पाऊस ताटीवर आपटतो, काड्यांवरून निथळून खाली जातो, आणि आतली मातीची भिंत कोरडी राहते. अडकलेली हवा थंडी आणि ऊन दोन्ही अडवते. दिवाळीनंतर ताट्या सोडायच्या. आजच्या परिभाषेत याला बाह्य उष्णतारोधक आवरण म्हणतील आणि चकचकीत माहितीपत्रक छापतील. फरक एवढाच की हे आवरण दरवर्षी बदलले जाई आणि कुजलेले आवरण खतात जाई.

महाड शहराची गोष्ट थोडी वेगळी. सावित्रीच्या खाडीमुळे हे जुने बंदर, व्यापारी पेठ. सावकारांची घरे दगडी जोत्यावर, विटांची, सागवानी खांबांची, चुन्याच्या गिलाव्याची. पण चुनाही आकसतो. म्हणून त्यात तागाचे तुकडे किंवा केस मिसळत, गूळ आणि हिरड्याचे पाणी घालत. कारवीच्या जागी ताग आला, तत्त्व बदलले नाही.

रानातल्या माणसाचा कारवीशी असलेला संबंध मात्र एकोणिसाव्या शतकात बिघडला. जंगल राखीव झाले, राबासाठी फांद्या आणि घरासाठी लाकूडफाटा तोडणे हा गुन्हा ठरू लागला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून, म्हणजे आजच्या रायगडमधूनही, इतकी ओरड झाली की मुंबई सरकारला त्यासाठी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ सालचा. घराची भिंत वनखात्याच्या परवानगीवर अवलंबून राहते, तेव्हा भिंत बदलू लागते. गिरणगावात गेलेल्या चाकरमान्यांची मनीऑर्डर त्यानंतरची.

तिकडे इंग्लंडमध्ये १८४४ साली नॉर्विचच्या चार्ल्स बर्नार्ड याने तारेची जाळी विणणारे यंत्र तयार केले होते. नॉर्विच कापडाचे गाव. कापड विणण्याच्या मागावरूनच त्याला ही कल्पना सुचली. षटकोनी भोकांची ती जाळी कोंबड्यांच्या खुराड्याला लावली जाई, म्हणून आजही आपले गवंडी तिला ‘चिकन मेश’ म्हणतात. काही वर्षांनी, १८४८ मध्ये, फ्रान्समधल्या लाँबो याने तारांच्या जाळीवर सिमेंट थापून चक्क नाव बनवली. त्याने केले ते कुडाचेच काम. कारवीऐवजी लोखंड आणि चिखलाऐवजी सिमेंट. १८८४ मध्ये गोल्डिंग या अमेरिकनाने पत्र्याला चिरा देऊन तो ताणला आणि गिलाव्यासाठी पत्र्याची जाळी आली.

भारतात पोरबंदरला १९१४ मध्ये सिमेंटचा कारखाना सुरू झाला. महाड-पोलादपूरच्या वाड्यांपर्यंत सिमेंट पोहोचायला अजून बरीच दशके लागली, पण पोहोचल्यावर त्याने कुडाला लाजिरवाणे करून टाकले. मुंबईहून मुलगा सुट्टीला येई तो सिमेंटच्या गोण्यांचा हिशेब करीतच. यात दोष कोणाला देणार? दरवर्षी सारवणाचे काम बाईच्या अंगावर पडे. कमरेचा काटा ढिला करणाऱ्या त्या कामातून सुटका झाली, याचा आनंद तिला विचारल्याशिवाय आपण ‘पारंपरिक ज्ञान’ म्हणून गळा काढू नये.

सिमेंटच्या भिंतीचा तडा वेगळ्या जागी जातो. काँक्रीटचा खांब आणि विटांची भिंत जेथे भेटतात तेथे बरोबर उभी रेष पडते, कारण दोन्ही पदार्थ उन्हाने वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात. म्हणून त्या सांध्यावर दोन्हीकडे वीतभर जाईल अशी जाळीची पट्टी ठोकायची आणि मग गिलावा करायचा. चांगला गवंडी हे न सांगता करतो. घाईतला गवंडी करत नाही, आणि गिलावा ओला असेतोवर दोघांच्या भिंती अगदी सारख्या दिसतात. हे वाक्य लक्षात ठेवा.

आता बर्लिन. १९५०च्या सुमारास जर्मनीत आपण ज्याला थर्माकोल म्हणतो तो फुगवलेला पॉलिस्टायरीन तयार होऊ लागला. हलका, स्वस्त आणि उष्णता अडवण्यात पटाईत. १९५७ मध्ये बर्लिनमधल्या एका घराला तो बाहेरून चिकटवण्यात आला आणि वर पातळ गिलावा देण्यात आला. १९७३च्या तेलसंकटानंतर घर गरम ठेवण्याचा खर्च युरोपला परवडेना, तेव्हा हीच पद्धत सर्वत्र पसरली. अमेरिकेत ती १९६९ मध्येच पोहोचली होती.

येथे जाळी अपरिहार्य ठरते. विटेवरचा गिलावा निदान विटेला धरून असतो. थर्माकोलवरचा पाच मिलिमीटरचा थर जवळजवळ अधांतरी असतो. मागे उष्णता जायला वाट नाही, त्यामुळे उन्हात तापलेला गडद गिलावा सत्तर अंशांपर्यंतही जातो आणि एक सर आली की क्षणात गार पडतो. एवढी ओढाताण त्याला एकट्याने सोसत नाही. म्हणून चार-पाच मिलिमीटर भोकांची काचतंतूंची जाळी, चौरस मीटरला साधारण दीडशे-एकशे साठ ग्रॅम वजनाची, त्या ओल्या थरात बुडवायची. ती भिंतीला चिकटून नको, थराच्या बाहेरच्या अंगाला हवी, कारण तडा बाहेरून सुरू होतो. दोन पट्ट्या एकमेकींवर दहा सेंटिमीटर चढल्या पाहिजेत. खिडकीच्या प्रत्येक कोपऱ्यावर एक तुकडा तिरका लावायचा. ताण कोपऱ्यात एकवटतो आणि तडा नेहमी तेथून तिरका धावतो. आपल्या घराच्या खिडकीचा कोपरा आत्ताच पाहा. बहुतेकांना पुरावा तेथेच मिळेल.

पण काचेला सिमेंट खाते. सिमेंट तीव्र अल्कधर्मी असते आणि साधा काचतंतू त्यात हळूहळू झिजून ठिसूळ होतो. म्हणून जाळीला बहुवारिकाचा लेप देतात. दुसरा मार्ग ब्रिटनच्या बिल्डिंग रिसर्च स्टेशनमधले ए. जे. मजुमदार यांनी शोधला. काचेतच झिर्कोनिया मिसळले तर ती अल्कलीला पुरून उरते. त्या संशोधनावर आधारित काचतंतू पिल्किंग्टन कंपनीने १९७१ मध्ये बाजारात आणला. म्हणजे बघा, कारवी ओलीने कुजते, लोखंड गंजून फुगते आणि गिलावा फोडते, काचेला सिमेंट खाते. ज्या पदार्थाला सावरायला जाळी घालावी, तिचा वैरी बहुधा त्याच पदार्थात बसलेला असतो. विट्रुव्हियसला हे कळले होते.

अमेरिकेत १९९०च्या दशकात आणखी एक गोष्ट घडली, आणि कोकणातल्या माणसाने ती विशेष लक्ष देऊन वाचावी. नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टन या समुद्राजवळच्या गावी अशा आवरणाची घरे आतून कुजलेली आढळली. गिलावा शाबूत, जाळी शाबूत. पाणी खिडकीच्या कडेच्या बारीक फटीतून शिरले होते आणि बाहेर पडायला त्याला वाट ठेवलेली नव्हती. लाकडी सांगाडा आतल्या आत सडत गेला. ओला झालेला कूड दोन्ही अंगांनी वाळतो. बंद आवरण वाळत नाही. त्यानंतर आवरणामागे पाण्याला निचऱ्याची वाट ठेवण्याची पद्धत रूढ झाली. थोडक्यात, ताटी आणि भिंत यांमधली ती मोकळी जागा परत आली.

आपल्याकडे हे सारे दूरचे वाटते, पण तसे राहिलेले नाही. ऊर्जा संवर्धन इमारत संहिता २००७ ची, आणि निवासी इमारतींसाठीची इको-निवास संहिता २०१८ ची. दुसऱ्या संहितेत भिंत-खिडक्यांतून घरात येणाऱ्या उष्णतेला मर्यादा घालून दिली आहे. हलक्या एएसी ब्लॉकच्या भिंतींवर काचतंतूंची जाळी आता तालुक्याच्या गावीही दिसू लागली आहे. आणि महाडच्या वाट्याला भिंतीचा प्रश्न अत्यंत क्रूर रीतीने आला.

२४ ऑगस्ट २०२० रोजी महाडमध्ये पाच मजली इमारत कोसळली. सोळा माणसे गेली. इमारत दशकभरातलीच होती. येथे एक गल्लत टाळली पाहिजे: गिलाव्यातली जाळी ही भिंतीच्या कातडीसाठी असते, ती इमारतीचा सांगाडा सावरत नाही. सांगाडा सळ्यांचा आणि काँक्रीटचा. पण दोन्हींत एक साम्य आहे, आणि मला या साऱ्या इतिहासात तेच सर्वांत महत्त्वाचे वाटते. दोन्ही गोष्टी झाकल्या जातात. सळई काँक्रीटने, जाळी गिलाव्याने. घर घेणाऱ्याला त्या कधीच दिसत नाहीत. कूड बांधणारा माणूस स्वतःच त्या घरात राही. कोणती काठी किडकी होती आणि कोठे दोरी कमी पडली हे त्याला ठाऊक असे. तो स्वतःला फसवू शकत नव्हता. बांधणारा आणि राहणारा वेगळे झाले, त्या दिवसापासून भिंतीच्या पोटातली गोष्ट विश्वासाची झाली.

पुढच्याच वर्षी २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळली. ऐंशीहून अधिक माणसे दगावली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. त्याच दिवशी महाड शहर पुराच्या पाण्यात बुडाले होते. डोंगरच खाली आला तेव्हा कूड काय आणि काँक्रीट काय, कोणतीही भिंत कामाची नव्हती. पुरापुढे मातीची भिंत टिकत नाही, हेही कबूल करायला हवे. पाणी चढले की चिखल सुटून जातो, कधी कधी नुसती जाळी उभी राहते आणि तीवर पुन्हा लिंपावे लागते.

तळीयेच्या वाचलेल्या माणसांना तात्पुरता निवारा म्हणून कंटेनर मिळाले. लोखंडी पत्र्याची भिंत ही मिलिमीटरभर जाडीची. कुडाच्या अगदी विरुद्ध टोकाची. या मुलखातल्या एप्रिलात पत्र्याच्या पेटीत राहणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. कायमच्या पुनर्वसनाचे काम म्हाडाकडे आले आणि घरे प्री-फॅब पद्धतीची ठरली. तयार फळ्या आणायच्या, जोडायच्या. अशा बांधकामात फळी आणि फळी यांचा सांधा हीच कसोटीची जागा. सर्वसाधारण रीत अशी की सांध्यावर काचतंतूंच्या जाळीची पट्टी लावून वर लेप द्यायचा. पट्टी नीट बसली तर पहिल्या पावसाळ्यात कळत नाही. पाचव्या पावसाळ्यात कळते.

सरकारी भाषेत घराचे दोन प्रकार असतात, कच्चे आणि पक्के. १९८५ च्या इंदिरा आवास योजनेपासून २०१६ च्या प्रधानमंत्री आवास योजनेपर्यंत हीच विभागणी चालत आली, आणि गवत, बांबू, मातीची भिंत कच्च्यात गेली. वाळवी, उंदीर, आग यांचा विचार करता ते अन्याय्य म्हणवत नाही. ज्याच्या घरात पाणी येते त्याने पक्के घर मागावेच. माझी तक्रार शब्दाबद्दल आहे. ‘कच्चे’ हा शिक्का बसला की ते कसे बांधत होते, हे कोणी लिहून ठेवत नाही. कारवी कोणत्या महिन्यात तोडायची, फुलोऱ्यानंतर वाळलेली चालते का, मातीत तूस किती, ताटी वाऱ्याच्या कोणत्या अंगाला, हे सारे सत्तरी ओलांडलेल्या काही माणसांच्या हातांत आहे आणि अभिलेखागारात त्याचा कागद नाही.

म्हणून यंदा रायगडाला जाल तेव्हा एक काम करा. पाचाडला किंवा वाटेतल्या कोणत्याही वाडीवर जुना गोठा दिसला तर थांबा. परवानगी घेऊन भिंतीचा पडका भाग पाहा. काठी उभी आहे की आडवी, दोरी कशाची आहे, चिखलात पेंढा आहे की तूस, हे टिपून घ्या, मोजपट्टीसह छायाचित्र काढा. घरातल्या आजीला विचारा की तिच्या माहेरी या भिंतीला काय म्हणत. जे सापडेल ते या धाग्याखाली लिहा. पोलादपूरच्या घाटाकडच्या वाड्यांविषयी कोणाला सांगता आले तर फारच उत्तम.